दवाखान्यातलं गाऱ्हाणं

आमची आय कोंबड्यांशी भांडायची. नुसतं हाडहुड करणं नव्हे, कोंबडी उलट उत्तर देते आहे असं धरून चांगली कडाकडा भांडायची. "तुझी आयस पण अशीच होती गो, खायचं आमच्याकडं आणि अंडी घालायची शेजारी," असं एका तांबड्या कोंबडीला ती रोज ऐकवायची आणि कोंबडी मान वाकडी करून ऐकून घ्यायची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कडेशी आमची वाडी होती. आमचं घर जागं व्हायचं ते आयच्या आवाजाने. ओल्या लाकडाशी भांडण, मांजराशी भांडण, दावं तोडून दूध पिणाऱ्या वासराशी भांडण, आणि बाबांशी एकतर्फी भांडण, कारण बाबा बोलतच नसत. त्यांना दिवसाला लागणारे शब्द एका चिमटीत मावले असते. बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, विधवा होऊन आमच्याकडेच राहायला आली होती. तिचाही आवाज आयच्या तोडीचा होता. तेव्हा बाबा का बोलत नसत हे कुणाला वेगळं सांगायला लागत नसे.

त्या घरात जेवणसुद्धा गाजावाजा करून व्हायचं. नाचणीची भाकरी तव्यावर फुगली की आय तिला शाबासकी द्यायची. सुकट भाजायला घेतली की वास खालच्या घरांपर्यंत जायचा आणि तिथून कुणीतरी ओरडायचं, "सगुणावैनी, वाटी घेऊन येतो गो!" कुळथाच्या पिठीत मीठ जास्त पडलं की आय आणि आत्या, ते कुणी घातलं यावर दुपार काढायच्या. ते मीठ पुष्कळदा मीच घातलेलं असे. मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने पंधराएक वर्षांची, आणि दोघींच्या भांडणात तिसरं तोंड घालू नये एवढी अक्कल मला आली होती.

एका वर्षी भातकापणी झाली, झोडणी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, आणि आयचा आवाज बंद झाला. घसा बसला नव्हता. ती बोलायचीच थांबली. हे सगळ्यात आधी कोंबड्यांना कळलं. त्या पडवीतून ओटीवर आल्या, ओटीवरून माजघरात आल्या, आणि एके दिवशी तांबडी कोंबडी चुलीपाशी येऊन भाकरीच्या पिठात पाय देऊन उभी राहिली. आय समोर बसली होती. तिने कोंबडीकडे पाहिलं आणि मान फिरवली. आत्याच्या हातातला तांब्या खाली पडला.

ताप नव्हता, कुठे दुखतखुपत नव्हतं. मागच्या दाराशी बसून राहायची. काम सांगितलं की करायची, पण अर्ध्यात हात थांबायचा आणि तसाच राहायचा. "काय होतंय गो आय?" विचारलं की म्हणायची, "काय नाय." माझा थोरला भाऊ त्याआधी मुंबईला गिरणीत लागला होता. वाडीतल्या लोकांनी खापर त्याच्यावर फोडून टाकलं. पोरगा लांब गेला म्हणून आईने खंत घेतली, एवढं सोपं कारण हाताशी असताना दुसरं शोधायचं कशाला! पण तो जाऊन दोन पावसाळे झाले होते, आणि तो गेला तेव्हा आयने त्याला हसत हसत चिवड्याचं गाठोडं बांधून दिलं होतं, हे मी पाहिलं होतं.

मग उपाय सुरू झाले. भगताने अंगारा दिला, तिने लावला. कोंबडा मागितला, बाबांनी दिला. (तांबडी वाचली, कारण ती कोंबडी होती.) आत्याने कडूजहर किराईताचा काढा सुरू केला. किराईत ज्यांनी चाखलेलं नाही त्यांना सांगते, नुसतं नाव काढलं तरी माझ्या जिभेचं मूळ अजून आकसतं. बरी असताना आय किराईत म्हटलं की अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत पळायची, आत्या मागे वाटी घेऊन पळायची आणि वाडी बघायला जमायची. आता ती वाटी हातात घेऊन काढा पाण्यासारखा पिऊन टाकायची आणि वाटी परत द्यायची. तोंडसुद्धा वाकडं करायची नाही. भगत म्हणाला, किती शहाणी बाय, सांगितलं ते सगळं करते! मला मात्र ती वाटी बघून रडू यायचं. तिचा कशावरच भरवसा उरला नव्हता, म्हणून ती कशालाच नाही म्हणत नव्हती.

माझी नात पुण्याला असलीच मनाची दुखणी बरी करायचं काम करते. तिच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक कुंडी असते, आणि लोक येऊन तिच्याशी बोलतात. मागे एकदा ती म्हणाली, "आजी, या दुखण्याचा खोडसाळपणा असा, की माणसाने उपचाराकडून काय अपेक्षा ठेवायची तेही दुखणंच ठरवतं. माणूस दारात उभा राहतो आणि आधीच सांगतो, माझ्यावर वेळ घालवू नका." मी म्हटलं, "बाळे, हे तू शिकायला एवढी फी भरलीस? मला आधी विचारायचंस." ती हसली. मग मी तिला आमच्या आयची ही हकीकत सांगितली, आणि ती म्हणाली लिहून काढ.

तर आत्याने शेवटी निकाल दिला. आत्या दुष्ट नव्हती. ती आयची वेणी घालायची, तिला न्हाऊ घालायची, आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायची. पण घर चालायला हवं असं तिचं म्हणणं. "शिमग्यापर्यंत बघायचं," ती बाबांना म्हणाली. "मग सगुणाला बिरवाडीला तिच्या भावाकडं ठेवायचं. माहेरचं वारं लागलं तर लागलं. आणि इथं दुसरी कुणीतरी आणावी लागंल. मी काय जन्माला पुरणार हाय?" दुसरी कुणीतरी म्हणजे कोण, हे मलाही कळलं. एकदा माहेरी पोचवलेली आणि जागेवर सवत आलेली बाई परत येत नसे. आयनेही ते ऐकलं. मला वाटलं आता तरी चिडेल. ती म्हणाली, "बरोबर हाय वन्संचं."

बाबा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते महाडच्या बाजाराला गेले आणि परत आले ते आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य घेऊन. "महाडात एक प्रधान डॉक्टर आलाय मुंबईहून, तो असलं दुखणं बाटली न देता बोलण्यानं बरं करतो."

आत्या म्हणाली, "बोलण्यानं बरं होत असतं तर ती माझ्या हातानंच बरी झाली असती. मी काय कमी बोलते?"

आयचं म्हणणं निराळं होतं. ते तिने तुकड्या-तुकड्याने, दोन दिवसांत सांगितलं. एक, डॉक्टरला शहाण्या माणसांची कामं असतील, त्याचा वेळ कशाला खायचा. दोन, तो विचारील काय होतंय, आणि मला सांगता येणार नाय, मग तो म्हणंल ही बाय ढोंगी हाय. तीन, त्यातूनही गुण आला तर तो चार दिवसांचा, मग पुन्हा हेच, तेव्हा नसलेलाच बरा. आणि सगळं सांगून झाल्यावर तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "मी नाय आले तर नाय चालणार काय? तुम्ही जाऊन या ना."

बाबांनी मान हलवली. नाही चालणार.

"मग धोंडूतात्याला न्या," आय म्हणाली. "मला बोलायला लावू नका."

यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही, आणि गंमत आहे ती इथेच. आमच्याकडे देवापुढे ज्याचं दुखणं असतं तो बोलत नाही. गाऱ्हाणं घालायचा मान असलेला माणूस नारळ ठेवून त्याच्या वतीने बोलतो, आणि बाकीचे मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात. दुखणाईताने मुकाट हात जोडून उभं राहायचं. आमच्या वाडीत हा मान धोंडूतात्यांचा होता. आवाज नगाऱ्यासारखा, आणि एकदा सुरू झाले की थांबायचं ठाऊक नाही. देवापुढे जर दुखणाईत बोलत नाही, तर डॉक्टरपुढे त्याने का बोलावं? तात्यांना विचारल्यावर ते म्हणाले, "डॉक्टराला आजवर कुणी रीतसर गाऱ्हाणं घातलंच नसंल, म्हणून गुण येत नाय लोकांना." आणि त्यांनी धुतलेलं धोतर काढलं.

पहाटे पोलादपूर सोडून बैलगाडीने आम्ही महाडला निघालो. बाबा गाडी हाकायला, तात्या नारळ मांडीवर घेऊन पुढे, मागे आय, आत्या आणि मी. हल्ली त्या बाजूला कारखाने झाले आहेत आणि पाळी सुटली की मोटारसायकलींचा पूर लोटतो. तेव्हा सावित्रीच्या कडेने बैलांच्या घुंगरांखेरीज आवाज नव्हता, आणि तात्यांचा. ते वाटभर गाऱ्हाण्याची तालीम करत होते. आय डोक्यावरून पदर घेऊन, पोतं ठेवावं तशी बसली होती.

दवाखाना चवदार तळ्याच्या मागच्या आळीत होता. प्रधान डॉक्टर तरुण होते, किडकिडीत, जाड चष्म्याचे. त्यांच्या खोलीत एक आरामखुर्ची होती. रोग्याने तिच्यात पडून मनात येईल ते बोलावं अशी विलायती पुस्तकातली रीत त्यांनी वाचली होती, हे आम्हाला पुढे कळलं. परक्या पुरुषासमोर आय खुर्चीत पडणं शक्यच नव्हतं. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. खुर्ची रिकामी बघून आत्या तिच्यात पडली, तिला वाटलं हाच उपाय, आणि आपल्या गुडघ्याची हकीकत सांगायला लागली. डॉक्टरांनी ती पुष्कळ वेळ लक्ष देऊन ऐकली. रोगी कोण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अखेर बाबांनी आयकडे बोट दाखवलं. डॉक्टर तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बोला बाई. जे वाटेल ते. घाई नाही."

तात्या पुढे झाले. त्यांनी डॉक्टरांच्या पायाशी नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! तू वाटंचा वाटाड्या, गावचा राखणदार! आज ही तुझी लेकरं डोंगर उतरून तुझ्या पायाशी आली हायत!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. बाहेरच्या बाकावरच्या रोग्यांनीही म्हटलं. आतून औषध घोटणाऱ्या कंपाउंडरनेही म्हटलं, तो आमच्याच बाजूचा होता. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं, कोण महाराज आले आहेत म्हणून.

"या सगुणाबायच्या पोटचा पोर मुंबईला गेला, म्हणून हिनं अन्न सोडलं!"

"व्हय म्हाराजा!"

"घरात नणंदेचा जाच हाय—"

"व्हय म्ह—" आत्या अर्ध्यात थांबली. "काय रे धोंड्या?"

"—आणि नवरा मुका हाय, पोरगी उजवायची राहिली, त्या काळजीनं हिचं काळीज पोखरलं, तरी देवा म्हाराजा, पोराला घरी बोलवून घे आणि हिला रडं येतं ते थांबव!"

"तसं नाय ते."

आवाज बारीक होता, पण तो आयचा होता. परक्या पुरुषासमोर, मान असलेल्या वडीलधाऱ्याचं गाऱ्हाणं तोडून बाई बोलली होती. तात्यांचे डोळे उघडले. ते काही म्हणणार तेवढ्यात डॉक्टरांनी हात वर केला आणि आयला विचारलं, "मग कसं?"

आय पुन्हा गप्प. डॉक्टर थांबले. मग त्यांनी आयकडे बघणं सोडलं आणि तात्यांना म्हणाले, "पुढे चालू द्या."

तात्या खूश झाले. "पोराच्या आठवणीनं ही रात्रंदिवस रडते म्हाराजा!"

"रडते कुठं?" आय म्हणाली. "रडायला येतच नाय. आणि पोराला मीच धाडलाय. वन्सं जाच करत नायत. हे काय बोलतोस रे तात्या, देवासमोर?" एवढं बोलून तिला धाप लागली. मग डॉक्टरांकडे न बघता, जमिनीकडे बघून ती म्हणाली, "मला काय झालंच नाय. सगळं हाय आणि कशाला चव नाय. भाकर खाते ती दुसऱ्या कुणाच्या पोटात जाते. हेच दुखतं. आता तुम्ही म्हणा ढोंगी."

"नाही म्हणत," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या सोमवारी या. आणि या तात्यांना घेऊन या."

"गुण येणार नाय," आय म्हणाली.

"नसेल येणार. या तर खरं."

परतीच्या वाटेवर तात्या फुगून बसले होते. आत्या त्यांच्याशी बोलत नव्हती. आय पोलादपूर जवळ येईपर्यंत गप्प होती, मग आपल्याशीच म्हणाली, "जाऊन काय होणार? पण याला एवढं खोटं बोलू द्यायचं म्हणजे..."

त्या 'पण'वर मी आठवडा काढला.

मग दर सोमवारी आमची वरात महाडला जाऊ लागली. तात्या नवी नवी कारणं शोधून आणत. शेजारणीची नजर, मेलेल्या सासूचं मागणं, बाळंतपणात राहिलेला वारा. आय एकेक कारण खोडून काढायची, आणि खोडता खोडता तिला काय होतंय ते थोडं थोडं बाहेर यायचं. सकाळ सगळ्यात वाईट जाते. आवाज काढायचा म्हटलं तर विहिरीतून घागर ओढल्यासारखं वाटतं. घरात आपण नसलो तर सगळ्यांचं बरं चालेल असं वाटतं. हे ती म्हणाली तेव्हा आत्याने आरामखुर्चीत पदर तोंडात धरला. (आत्या दर खेपेला त्याच खुर्चीत असे. तिचा गुडघा बरा झाला असं ती शेवटपर्यंत सांगायची.) डॉक्टर फार थोडं बोलत. तरी निघताना आय न चुकता सांगायची, गुण नाय, आणि डॉक्टर न चुकता म्हणायचे, बरं, सोमवारी या. दवाखान्यात नारळांचा ढीग साठला. डॉक्टरांच्या घरी रोज नारळाचं काहीतरी होतं, अशी तक्रार कंपाउंडर दबक्या आवाजात करी.

शिमगा तोंडावर आला. बिरवाडीच्या मामाला निरोप गेला होता, होळी झाली की तो गाडी घेऊन येणार होता. आणि त्या शेवटच्या सोमवारी धोंडूतात्या तापाने अंथरुणात पडले.

"झालं," आय म्हणाली, "आता जायचं कशाला?" तिने घोंगडी ओढून घेतली. तो दिवस मला अजून लख्ख आठवतो, कारण मला खरोखर भीती वाटली. बाबांनी काहीच न बोलता बैल जुंपले. मग ते आत आले, घोंगडीची घडी घातली आणि दाराशी उभे राहिले. आय उठली. हट्ट धरायलाही जोर लागतो, तो तिच्यात नव्हता.

दवाखान्यात आय भिंतीला टेकून बसली. डॉक्टर स्टुलावर. गाऱ्हाणं घालायला कुणी नाही आणि खोडायला काही नाही. आत्या बोलायला तोंड उघडत होती, डॉक्टरांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा आत्याने उघडलेलं तोंड मिटलं. नारळ तेवढा बाबांच्या हातात होता. आयने तो मागितला. तो तिने स्वतःपुढे जमिनीवर ठेवला, पदर सारखा केला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. "मी सगुणा. माझी चव गेलीय. ती कुठं गेली मला ठाव नाय. ती परत येईल असं मला वाटत नाय. वाटत नाय तरी मी इथवर येते. मला बिरवाडीला जायचं नाय, म्हाराजा. मला माझ्या घरात ऱ्हायचं हाय."

मागून म्हणायची पाळी आमची होती. मला हुंदका फुटला होता आणि आत्याला बोलायची बंदी होती. तेव्हा दाराशी उभे असलेले बाबा, ज्यांना वाडी मुका म्हणायची, मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आयने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आणि मग ती रडली. इतके महिने न आलेलं सगळं रडं एकदम आलं. कंपाउंडर दारात येऊन बघून गेला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

यानंतर ती एका रात्रीत बरी झाली असं लिहिलं तर माझी नात मला माफ करणार नाही. तशी झालीही नाही. पुढेही कधीकधी तिचा आवाज बंद व्हायचा आणि मग आम्ही बैल जुंपायचो.

होळी झाली. मामाला गेलेला निरोप कुणी फिरवला नव्हता, म्हणून त्याची गाडी बिरवाडीहून आली आणि अंगणात उभी राहिली. आयचं गाठोडं आत्याने, ठरलं ते ठरलं म्हणून, आधीच बांधून ओटीवर ठेवलं होतं. बाबा मामाशी काही बोलायला म्हणून पुढे गेले आणि त्यांचे शब्द पुन्हा आटले. आयने गाठोड्याकडे पाहिलं. आत्याला काय करावं सुचेना, म्हणून तिने रोजचं काम केलं. ती किराईताची वाटी घेऊन आली आणि आयच्या हातात दिली. वाटेत बरं असतं, म्हणाली.

आयने वाटी तोंडाला लावली. मग तिचा चेहरा असा काही वाकडा झाला की नाक एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे. तिने ती गुळणी थेट अंगणात थुंकली आणि ओरडली, "काय गो वन्सं हे! माणसाला देता काय गुरांना? शी! इतकं कडू कधीपास्नं झालं?"

चव लागली होती. आत्या वाटीकडे बघत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले, गाठोडं उचलून घरात ठेवलं आणि मामाकडे वळून म्हणाली, "बैल सोड रे. जेवून जा."

तांबडी कोंबडी तेवढ्यात ओटीवर चढली होती. तिला खाली उतरावं लागलं.